बाळंतिणीचा डबा : केवढा, कधी आणि किती दिवस?

थंडी पडू लागली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. 'डॉक्टर, सून बाळंत झाली आहे. डिंकाचे लाडू द्यायचे ना?' पूर्वी मी मान वर न करताच 'द्या की' म्हणून मोकळी होत असे. आता मी तीन उलट प्रश्न विचारते. लाडू केवढा वळणार? दिवसाच्या कोणत्या वेळी देणार? आणि किती दिवस देणार? सासूबाई जरा चमकतात. लाडवाला कसली आली मात्रा, असा भाव चेहऱ्यावर दिसतो.

हे तीन प्रश्न मला वैद्यकीय महाविद्यालयात कुणी शिकवले नाहीत. ते आमच्या आत्याच्या वहीत होते. ती वही पंचवीस वर्षे माझ्या कपाटात होती आणि मी ती नीट वाचली नव्हती. वाचायची वेळ माझ्या भाचीच्या बाळंतपणात आली, आणि तीही माझ्याच चुकीमुळे.

पाच डबे

भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीकडे आली होती. सातव्या महिन्यात तिच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली होती. गर्भारपणातील मधुमेह म्हणतात तो हा. आहार सांभाळून आणि रोज चालून तो आटोक्यात राहिला, औषध लागले नाही. बाळंतपण सुखरूप झाले, पण रक्तस्राव जरा जास्त झाला. घरी सोडताना हिमोग्लोबिन ८.६ होते. बहिणीने मला फोन केला. 'ताई, काय देऊ गं तिला?' मी दवाखान्याच्या गर्दीत होते. म्हणाले, 'आळीव दे, त्यात लोह भरपूर असतं.' आणि फोन ठेवला.

बारशाला गेले तेव्हा भाची भिंतीला टेकून बसलेली. चेहरा पांढराफटक, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, चार दिवस पोट साफ नाही. स्वयंपाकघरात गेले तर फळीवर पाच डबे ओळीने मांडलेले! एकात बहिणीने केलेले आळिवाचे लाडू. दुसऱ्यात शेजारच्या काकूंनी दिलेले डिंकाचे. तिसरा डबा सासरहून आलेला, मेथीच्या लाडवांचा. मागच्या आळीतल्या खालांनी बरणीभर अछवानी पाठवली होती. ओवा, सुंठ, डिंक, गूळ आणि सुकामेवा तुपात परतून केलेले हे त्यांच्याकडचे बाळंतिणीचे पेय. पाचव्या डब्यात बाळंतशोप. आणि या सगळ्यांच्या मागे, गाठ मारलेल्या पिशवीत कुळथाचे पीठ, न उघडलेले.

दिवसभर काय काय देतेस, असे बहिणीला विचारले. सकाळी चहाबरोबर दोन डिंकाचे लाडू. नंतर न्याहारी. जेवणात मऊ भात, तूप, मेतकूट. चार वाजता चहाबरोबर मेथीचा लाडू. संध्याकाळी अछवानी. रात्री झोपताना दुधातली आळिवाची खीर. पालेभाजी नाही, कारण 'बाळाचं पोट दुखतं.' डाळ नाही, 'वातूळ.' पाणी उकळून कोमट केलेले, तेही मोजून अर्धा अर्धा पेला, 'नाहीतर पोट सुटतं.'

'आणि लोहाच्या गोळ्या?'

गोळ्यांची पाकिटे खणात होती. एकही फोडलेली नव्हती. बहीण म्हणाली, 'उष्ण पडतात म्हणे. आणि आळीव देतेच आहे की! तूच सांगितलंस ना?'

मीच सांगितले होते. काय द्यायचे ते सांगितले. बाकीचे काहीच सांगितले नाही.

आत्याची वही

त्या रात्री घरी येऊन आत्याची वही काढली. शाळेतली दोनशे पानी वही, कव्हर गेलेले, पानांना तुपाचे डाग. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेल्या पाककृती घरोघरी पोहोचल्या. त्याच्या आधी, आणि पुष्कळ घरांत त्याच्या नंतरही, पाककृती अशा वह्यांतून किंवा नुसत्या तोंडी चालत आल्या. आत्याच्या वहीत प्रत्येक पाककृतीच्या डोक्यावर ती कुणाकडून घेतली ते लिहिलेले आहे. 'मोठ्या जाऊबाई.' 'मागच्या बिऱ्हाडातल्या आजी.' एका पानावर नुसतेच 'कासारीण.' बांगड्या भरायला घरोघर जाणारी ही बाई प्रत्येक घरातली बाळंतीण पाहायची, आणि या घरचे त्या घरी सांगायची. मेथीची पूड आठ दिवस तुपात भिजवून ठेवली की कडवटपणा कमी होतो, ही युक्ती आत्याला या कासारणीकडून मिळाली असे वहीवरून दिसते.

डिंकाच्या लाडवाच्या पानावर खाली बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. 'सुपारीहून मोठा, लिंबाहून लहान वळावा. सकाळी एक, न्याहारीच्या जागी. सव्वा महिना झाला की बंद.'

मी त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. 'न्याहारीच्या जागी.' न्याहारीबरोबर नव्हे! आमच्या बहिणीकडचा लाडू चांगला मुठीएवढा होता. आणखी एक गोष्ट करून पाहिली. आत्याची आमटीची वाटी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात पाणी भरून मापले, मग बहिणीच्या घरची वाटी मापली. बहिणीची वाटी पावपटीने मोठी निघाली. म्हणजे 'एक वाटी तूप, एक वाटी गूळ' हे शब्द तेच राहिले आणि तूप-गूळ मात्र वाढले. मग लाडू मोठा झाला, एकाचे दोन झाले, आणि सव्वा महिन्याचा हिवाळाभर झाला. यात कुणाचा वाईट हेतू नाही. उलट प्रत्येकाने मायेने थोडे थोडे वाढवले.

माझ्या आत्याच्या काळी बाळंतीण सव्वा महिन्यानंतर पुन्हा जात्यावर बसे, विहिरीवर जाई. त्यापूर्वी शरीर भरून काढायला कमी जागेत जास्त ताकद देणारा पदार्थ हवा होता, आणि तो खराब न होता टिकायलाही हवा होता. डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस, गूळ, तूप यांचा लाडू म्हणजे त्या गरजेला काढलेले अचूक उत्तर. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. लिंबाएवढ्या एका लाडवातून साधारण दीडशे ते दोनशे मिळतात. बाकीच्या भाकरी, डाळ, भाजी, दूध यांतून यायला हव्यात, कारण त्यांच्याबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही येतात. पाच डब्यांनी पोट भरले की डाळ-भाजीला जागाच उरत नाही. भाचीचे तेच झाले होते.

आळीव आणि चहा

आता माझ्या चुकीबद्दल. आळीव (काही भागांत हळीव म्हणतात) लोहासाठी चांगलेच. पण वनस्पतींतले लोह आपले आतडे सहजासहजी घेत नाही. त्याला आंबट सोबती लागतो. लिंबू, आवळा, पेरू, संत्रे यांतील 'क' जीवनसत्त्व बरोबर असेल तर लोह जास्त शोषले जाते. चहा-कॉफीतील द्रव्ये उलट त्याला अडवतात. दुधातले कॅल्शियमही थोडे अडवते. आमच्या बहिणीने लाडू चहाबरोबर आणि आळीव दुधातून दिले. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. आत्याच्या वहीत आळीव नारळाच्या पाण्यात भिजवलेले आहेत आणि ओल्या खोबऱ्यात शिजवलेले आहेत. दुधाचा थेंब नाही. तिला आतड्यातले शास्त्र ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. वाड्यात दूध बेताचे होते आणि नारळ कोकणातल्या माहेराहून येत असत, एवढेच कारण असेल. पण पाककृती योग्य होती.

तरीही एक गोष्ट ठासून सांगते. हिमोग्लोबिन ८.६ असताना नुसत्या आळिवाने ते भरून निघत नाही. खाण्यातून रोज मिळणारे आणि त्यातून अंगी लागणारे लोह थोडे असते. ओसरलेले रक्त भरायला गोळ्याच लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. म्हणूनच बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यावी असे शासकीय कार्यक्रमात ठरवून दिले आहे, आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. रक्त फारच उतरले असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. गोळी घेतल्यावर शौचाला काळी होते, त्याने घाबरू नये. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये; मध्ये काही तास जाऊ द्यावेत. लोहाची गोळी लिंबाच्या सरबताबरोबर उत्तम, चहाबरोबर नको. (माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणी चहाबरोबरच घेतात. सकाळी हातात पेला तोच असतो!)

गुळाची साखर

दुसरा धोका अधिक गंभीर होता, आणि तो फळीवरच्या डब्यांकडे पाहून कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. गर्भारपणातील मधुमेह बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. त्यामुळे घरची मंडळी 'शुगर गेली' म्हणून निर्धास्त होतात. पण अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायचे असते. ती तपासणी कितीतरी जणी करतच नाहीत. बाळ, बारसे, पाहुणे यांत सहा आठवडे कधी सरले ते कळत नाही.

शेजारच्या काकूंना भाचीच्या साखरेचे कुणी सांगितलेच नव्हते. पहिलटकरणीला मधुमेह म्हटले की लोक काय म्हणतील, म्हणून बहिणीने ते घरातच ठेवले. बिचाऱ्या काकूंनी आपल्या हाताने दोन दिवस खपून लाडू केले. मी काकूंशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, 'अहो, साखर नाही घातली हो, गूळच घातलाय.' हा समज सर्वत्र आहे. गूळ, खारीक, मध यांनीही रक्तातील साखर वाढते. गुळात थोडे लोह असते म्हणून तो साखरेहून बरा म्हणावा, पण मधुमेहाच्या हिशेबात त्याला सूट नाही.

मग काय केले? डबे परत पाठवले नाहीत. आपल्याकडे बाळंतिणीचा डबा परत करणे म्हणजे कायमचा रुसवा! डिंकाचे लाडू फोडून आत्याच्या मापाने लहान वळले. सकाळी एक, न्याहारीच्या जागी. मेथीचा लाडू एक दिवसाआड, डिंकाच्या लाडवाऐवजी. अछवानी घरातल्या इतरांनी वाटून घेतली, भाचीला आठवड्यातून दोनदा, अर्धी वाटी. दुपारच्या ताटात भाकरी, घट्ट वरण, शेपू किंवा मेथीची भाजी, लिंबाची फोड. चहा जेवणानंतर तासाभराने. आणि ती गाठ मारलेली पिशवी सोडली.

कुळथाचे पीठ मागच्या घरात भाड्याने राहणाऱ्या मालवणकडच्या वहिनींनी दिले होते. बहीण म्हणाली, 'आमच्याकडे बाळंतिणीला कुळीथ देत नाहीत.' मी म्हणाले, 'आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? तू आणि मी एकाच घरातल्या, आपल्याकडे कुणी विचारलं तरी होतं का?' शंभर ग्रॅम कुळथात वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात. फळीवरच्या सगळ्या डब्यांपेक्षा भाचीला हीच वस्तू अधिक हवी होती. वहिनींनी स्वतः येऊन पिठी करून दाखवली. लसणाची फोडणी, कोकमाचे आगळ, आणि पातळसर, गरम गरम. लोखंडी कढईत. भाचीने दोन वाट्या घेतल्या. बारा दिवसांत तिने मागून घेतलेला तो पहिला पदार्थ.

पाण्याची बंदी मात्र मी तिथल्या तिथे उठवली. आईच्या दुधात शंभर भागांत सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. ते येणार कुठून? प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि तहान लागेल तेवढे प्यावे. दूध वाढवण्याचे म्हणाल तर बाळाला वारंवार पाजणे हाच पहिला उपाय. आळीव, शेपा, बाळंतशोप यांचा नंबर त्याच्या मागे.

वहीतली खोडलेली ओळ

आत्यावर माझी माया आहे म्हणून तिचे सगळेच खरे, असे नाही. त्याच वहीत 'बाळाला पहिले तीन दिवस मधाचे बोट द्यावे, चीक पिळून टाकावा' असेही आहे. ती ओळ मी लाल शाईने खोडली. तो घट्ट पिवळसर चीक म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण. तो टाकू नये. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, गुटीसुद्धा नाही. मध तर एक वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातील काही जंतूंचे बीज तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकते. बहिणीच्या घरी मधाची बाटली पाळण्याशेजारीच होती. विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाटली मी पिशवीत घालून घरी आणली.

सहा आठवड्यांनी

भाचीला मी तपासणीची तारीख कॅलेंडरवर बाळाच्या लशीच्या तारखेशेजारीच लिहून दिली होती. लस राहत नाही, म्हणून तपासणीही राहिली नाही. हिमोग्लोबिन १०.३ झाले. स्त्रीला १२ हवे, म्हणजे अजून वाट बाकी आहे. ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर १४८ आली. १४० च्या आत असती तर निर्धास्त झालो असतो. २०० झाली असती तर मधुमेह. ती मध्ये अडकली आहे. आता दरवर्षी तपासणी, रोजचे चालणे, आणि बाळाला शक्य तितके दिवस अंगावर पाजणे, कारण त्याने आईलाही मधुमेहापासून थोडे संरक्षण मिळते. बहीण रडवेली झाली. 'लाडवांनी झालं का गं?' असे तिने विचारले. लाडवांनी झाले असे मी म्हणू शकत नाही, आणि लाडवांचा काहीच वाटा नाही असेही म्हणवत नाही. तिला एवढेच सांगितले की पुढची तीस वर्षे तपासणी चुकवू नका.

डबे परत करायची वेळ आली. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत. बहिणीने प्रत्येकात जवसाची चटणी घातली. काकू डबा घेताना मला हळूच म्हणाल्या, 'डॉक्टर, मी तर दर हिवाळ्यात हे लाडू खाते. रोज दोन.' काकूंचे वय पासष्ट. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अनशापोटी दवाखान्यात बोलावले आहे.

अनेक भगिनींनी मागितल्यावरून आत्याच्या वहीतले आळिवाचे लाडू खाली देत आहे. वाटी दीडशे मिलिलिटरची धरावी.

पाव वाटी आळीव निवडून एका नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवावेत. ते फुगून चिकट होतात. त्यात दोन वाट्या खवलेले ओले खोबरे आणि एक वाटी चिरलेला गूळ कालवून अर्धा तास ठेवावे. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. मिश्रण कडेने सुटून गोळा होऊ लागले की उतरवून जायफळ किसून घालावे. कोमट असताना लिंबाहून लहान लाडू वळावेत. रोज एक द्यावा, बरोबर चहा नको, मागून आवळ्याची फोड चालेल. साखरेचा त्रास असलेल्या बाळंतिणीसाठी गूळ निम्मा करावा आणि तोही लाडू डॉक्टरांना विचारून द्यावा. एका वेळी थोडेच करावेत. खोबरे ओले असल्यामुळे बाहेर एक दिवस आणि थंड कपाटात चार दिवस टिकतात, पुढे आंबतात.